कासिमच्या घरचा तणावा

आमच्या ओकसोय शहरात बघण्यासारखं काही नाही, असं आम्हीच इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. समरकंदला घुमट आहेत, बुखाऱ्याला मिनार आहे, आमच्याकडे कापसाचा कारखाना आहे आणि तोही बंद. फरगण्याच्या खोऱ्यात येणारे पाहुणे आमच्या स्टेशनवर उतरायचे ते पुढची गाडी पकडायला. शेवटी पालिकेनं ताश्कंदहून एक माणूस बोलावला. दोनियोर त्याचं नाव. तिशीच्या आतला, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण उगाच झोपा काढल्या इतके दिवस.

पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "तुम्ही अख्खं शहर विकायला बसलाय, म्हणून कुणी घेत नाही. आळ्या विका."

आमचे साहेब हमदम-अका, म्हणजे हमदमदादा, खुर्चीतल्या खुर्चीत सरकले. "विका म्हणजे? आळ्या काय आमच्या बापाच्या आहेत?"

"विका म्हणजे दाखवा हो, अका. लोक हल्ली शहर बघायला येत नाहीत, आळी बघायला येतात. प्रत्येक आळीला एक चेहरा द्या. नकाशा छापू, पाट्या लावू, फिल्म करू. सहा महिन्यांत बघा."

माझं नाव मुअत्तर. पालिकेचा पर्यटन विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. त्यामुळे आळ्या हिंडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दोनियोर सोबत असायचा, गळ्यात कॅमेरा अडकवून.

खरं सांगते, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सुऱ्या करणाऱ्यांच्या आळीत आम्ही एका लोहाराला तापलेल्या पात्याच्या रंगावरून पोलाद ओळखताना पाहिलं. पाळणेवाल्यांच्या आळीत तुतीच्या लाकडाचा वास इतका मुरलेला होता की तिथल्या मांजरीलासुद्धा तोच वास यायचा. नान भाजणाऱ्यांच्या आळीत एका बाईनं अख्खा दंड तंदूरमध्ये घालून भाकर भिंतीला चिकटवली, आणि हात बाहेर काढताना माझ्याशी सुनेच्या तक्रारी करत होती. या शहरात माझा जन्म गेला, पण मी पाहुणीसारखी आ वासून फिरत होते.

राहिली होती एकच आळी. दोरबाजांची.

नावातच सगळं आहे. दोरावरून चालणारे ते दोरबाज. एके काळी खोऱ्यातल्या कुठल्याही मोठ्या लग्नात, वसंतातल्या कुठल्याही नवरोजच्या जत्रेत दोर ताणला जायचा तो याच आळीचा. आता तिथे एक दाताचा दवाखाना होता, मोबाइल दुरुस्तीची दोन दुकानं, आणि मधोमध चौक. चौकाच्या दोन टोकांना दोन म्हातारे चिनार. पालिकेनं मागे शहर सुंदर करायची लाट आली तेव्हा चौकाला दगडी फरश्या बसवल्या होत्या. त्यावर आता पोरं सायकली फिरवत.

चिनाराखालच्या चहाखान्यात इनोयत-खोला, म्हणजे इनोयत मावशी, बसलेली होती. आळीतली लग्नं, बारशी, भांडणं, सगळी तिच्या हातची. सत्तरीची, अंगानं भरलेली, डोक्याचा रुमाल मागे बांधलेला. तिच्या शेजारी सोतवोल्दी-बोबो, म्हणजे सोतवोल्दी आजोबा. हा आळीतला शेवटचा मोठा दोरबाज. ऐंशी ओलांडलेली, पण पाठ सरळ.

"खोला, तुमच्या आळीत काय आहे?" मी विचारलं.

"खड्डे आहेत," ती म्हणाली. "तुमच्या पालिकेनंच दिलेत. फरशी मध्ये, खड्डे कडेला. बस, चहा घे."

"तसं नाही. पाहुण्यांना दाखवण्यासारखं."

"दाताचा दवाखाना दाखव. तिथे गेलेला माणूस आमची आळी विसरायचा नाही."

बोबो हसला. दोनियोरनं संधी साधली. त्यानं फोनवर एक चित्र काढून दाखवलं: दोन चिनारांमध्ये तार, आणि तारेवर रंगीत कपडे घातलेली, हातात काठी घेतलेली एक बाहुली, माणसाएवढी. खाली उभं राहून पाहुणे फोटो काढणार. "स्वस्त, सुरक्षित आणि बाराही महिने चालू," तो म्हणाला.

खोलानं चष्मा लावून चित्र बघितलं. मग चष्मा काढून दोनियोरला बघितलं.

"म्हणजे भुसा भरलेली बाई आमच्या डोक्यावर टांगणार तुम्ही?"

"प्रतीक म्हणून हो, खोला."

"दोरबाजांच्या आळीत?"

बोबो हसायचा थांबला होता. त्यानं पेला पालथा घातला आणि उठून घरी गेला. त्याची ती सरळ पाठ दाराआड गेली. दोनियोर हळूच म्हणाला, "काही चुकलं का माझं?"

"तुझं वय चुकलंय," खोला म्हणाली. "आता घरी जा. पुढच्या रविवारी सकाळी या. बाहुली आणू नका."

मधल्या दिवसांत काय झालं ते मला नंतर कळलं. बोबोनं मुलाला फोन केला. मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार झालेला, पण आता ताश्कंदला क्रेन चालवतो. तो म्हणाला, "अब्बा, माझे पाय आता लिफ्टनं वर जातात." बोबो जेवला नाही. तेव्हा त्याची मुलगी लुत्फिनिसा पुढे येऊन म्हणाली, "मी चढते."

लुत्फिनिसाला मी ओळखत होते. आमच्या सरकारी दवाखान्यातली परिचारिका. माझ्या मुलीला सगळ्या लसी तिनंच टोचल्या. चाळिशी उलटलेली, कमी बोलणारी, हात इतका हलका की पोरगी रडायची ती सुई निघाल्यावर. लहानपणी ती बापाबरोबर दोरावर चढायची हे आळीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर चढणं थांबलं, पण तिच्या अंगणात भाज्यांच्या वाफ्यावर गुडघाभर उंचीवर एक दोर कायम बांधलेला होता, आणि दवाखान्यात जायच्या आधी ती रोज त्यावर चालत होती. नवऱ्याला वाटायचं, बायकोला पाठदुखीचा व्यायाम सांगितलाय.

हमदम-अकांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मुअत्तर, मी काही ऐकलं नाही. पडली बिडली तर पालिकेचं नाव नको." रविवारी सकाळी मात्र ते डोळ्यांपर्यंत टोपी ओढून गर्दीत उभे होते, आणि मला बघून त्यांनी आकाशाकडे बघितल्यासारखं केलं.

नवरोज नुकताच झाला होता. जर्दाळूची झाडं पांढरी झाली होती. आळीतल्या बायकांनी पहाटेच मोठ्या कढईत पुलाव लावला होता, सनई वाजत होती, डफ घुमत होता. चिनारांपाशी दोन्हीकडे खांबांच्या कात्रीसारख्या कैच्या उभ्या करायचं काम चाललं होतं. एकेक खांब तीन मजली घराएवढा. पन्नासेक माणसं एका खांबाला भिडलेली, दाताचे डॉक्टरसुद्धा, पांढऱ्या कोटासकट. "या पीर!" अशी पीराच्या नावानं एक आरोळी, आणि खांब थोडा उठायचा. पुन्हा आरोळी. खांब जमिनीवरून सुटून आकाशात जाऊन उभा राहिला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. जाडजूड दोर दोन्ही कैच्यांवरून नेऊन चिनारांच्या बुंध्यांना बांधला.

पण एवढा लांब दोर मध्ये हेलकावे घेतो. त्याला दोन्ही बाजूंनी ताणून धरायला बारीक दोर लागतात, तंबूला असतात तसे तणावे. मी फरश्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "खोला, खुंट्या कुठे ठोकणार? आमच्या फरश्या..."

"खुंट्या?" खोला म्हणाली. "खुंटीला काय कळतं, वर कोण आहे ते?"

तेवढ्यात घरांची दारं उघडायला लागली. एकेका घरातून माणसं बाहेर येत होती, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर दोराचं एक वेटोळं होतं. कुणाचा दोर काळा पडलेला, कुणाचा नवीन पिळाचा, कुणाच्या टोकाला लाल चिंधी. कुणी कुणाला विचारत नव्हतं. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. आजोबा उभा राहायचा तिथे नातू जाऊन उभा राहात होता, सासू उभी राहायची तिथे सून. मोबाइल दुरुस्तीवाल्याची बायको दोर घेऊन आली तो मधोमध पांढरट झालेला. खोलानं लांबूनच ओळखलं.

"काय गं, सासऱ्यानं तुला हा सलवारी वाळत घालायला दिला होता का?"

"खोला, धुऊन आणलाय!"

"उन्हानं खाल्लाय तो. बोबोला दाखव आधी."

बोबोनं दोर हातातून सरकवत सरकवत तपासला, एका जागी थांबला, तिथे दुहेरी गाठ मारून परत दिला. मी ती सगळी ये-जा बघत होते. या आळीत मी तीनदा येऊन गेले होते. दवाखाना बघितला, दुकानं बघितली, आणि प्रत्येक घरात खुंटीला हा दोर टांगलेला असणार हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

एक जागा रिकामी राहिली. पश्चिमेच्या बाजूला, बरोबर मध्ये. ती कासिमच्या घरची. कासिम बायको-मुलांना घेऊन कामासाठी रशियात, कझानला गेलेला, दाराला कुलूप. तणावा शेजाऱ्याकडे ठेवलेला होता.

खोलानं सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्यावर थांबली. "तुझी आळी कुठली गं?"

"मी कारखान्याजवळच्या इमारतींतली. आम्हाला आळी नव्हती."

"मग बरंच आहे. ये, इथे उभी राहा."

"खोला, मला नाही येत! मी सोडला तर?"

"ओढायचं नाही, सोडायचं नाही. धरायचं. आणि वर बघायचं नाही. वर बघितलंस की मान मागे जाते, हात ढिला पडतो. तू तिला बघायला आलेली नाहीस आता."

तिनं दोर माझ्या कमरेमागून फिरवून हातात दिला. तो जुना होता, आणि एका विशिष्ट जागी गुळगुळीत झालेला. माझे हात आपोआप त्याच जागी गेले.

बोबोनं चौकाच्या मध्ये उभं राहून दोन्ही तळवे वर केले. सनई थांबली. लुत्फिनिसा त्याच्यासमोर मान खाली घालून उभी होती. रेशमी सलवार, मऊ चामड्याचे बूट, केस घट्ट बांधलेले. बोबोनं दुआ केली, सगळ्या आळीनं तोंडावरून हात फिरवले. मग ती दोरीच्या शिडीनं वर गेली, आणि मी मान खाली घातली.

माझ्यासमोर फक्त फरश्या होत्या. सकाळचं ऊन पूर्वेकडून तिरकं येत होतं. डफावर एक थाप पडली, आणि माझ्या हातातला दोर जागा झाला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. आधी बारीकशी कंपनं, लांबून कुणी दारावर बोट वाजवावं तशी. मग एक भार, थोडासा, आणि तो गेला. पुन्हा भार, पुन्हा गेला. ती पावलं होती. लुत्फिनिसाची पावलं माझ्या तळहातांत पडत होती. डावं, उजवं. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी ती किंचित थांबत होती, तेसुद्धा मला कळत होतं. माझ्या उजवीकडे दाताचे डॉक्टर होते, डावीकडे ती सलवारीवाली सून. तिचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत नव्हती, ती हळूहळू म्हणत होती, "ये, ये, ये," अंगणात चालायला शिकणाऱ्या लेकराला म्हणतात तसं.

आणि मग फरश्यांवर सावली आली.

दोराची सावली नव्हती. एवढ्या उंचीवरून दोर उन्हात विरघळून जातो. नुसती एका बाईची सावली, हातात आडवी लांब काठी, आणि पायांखाली काहीच नाही. ती फरशीवरून फरशीवर सरकत आली. माणसांच्या बुटांवरून गेली. डॉक्टरांच्या कोटावरून गेली. ती माझ्या हातांवर आली तेव्हा हातांना गार लागल्यासारखं वाटलं. खोटं असेल, पण वाटलं.

ती तिथेच असताना वारा आला.

आमच्याकडे वसंतात कोकंदकडून वारा सुटतो तो सांगून येत नाही. आधी चिनार सळसळला, मग कुणाची तरी टोपी फरशीवरून घरंगळत गेली. आणि दोर माझ्या हातात मासा तडफडावा तसा तडफडला. कुणी हुकूम दिला नाही, "ओढा" म्हटलं नाही. माझ्या डावीकडची सून मागे झुकली, तिच्या पलीकडचा म्हातारा झुकला, डॉक्टर झुकले, आणि त्यांच्यामध्ये मी, मला कुणी न शिकवता, झुकले. समोरच्या बाजूची सगळी रांग त्याच क्षणी सैल झाली, अगदी तेवढीच. वारा उलटला, ते झुकले, आम्ही सैल. शेतातलं गव्हाचं पीक हलतं तशी अख्खी आळी हलत होती, आणि या सगळ्याच्या वर, मला न दिसणारी, ती बाई निश्चल उभी होती. सावली माझ्या मनगटांवरून हलली नाही.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मला भीती वाटत नव्हती. आपण फार मोठ्या कशाच्या तरी आत उभे आहोत, एवढंच वाटत होतं, आणि ते मोठं काहीतरी श्वास घेत होतं.

मग बोबोचा आवाज आला, फरशीवरूनच, अगदी साधा. "चल, बाळा."

दोरात एक भार आला. गेला. सावली पुढे सरकली.

ती पलीकडे पोचली तेव्हा उठलेला कल्लोळ मी आयुष्यात पुन्हा ऐकलेला नाही. माझी बोटं दोरावरून सुटेनात. डॉक्टरांनी एकेक करून सोडवली. "पहिल्या वेळी असंच होतं," ते म्हणाले. "दात काढण्यासारखंच आहे."

लुत्फिनिसा खाली आली, बापाचे हात डोळ्यांना लावले, पाणी प्यायली. मग तोंड पुसत तिनं विचारलं, "कासिमच्या घरचा तणावा कुणी धरला होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी. का? काही चुकलं?"

"छे. तो दोर घाबरत होता," ती म्हणाली. "वरपर्यंत थरथर येत होती. वाऱ्यात थांबली." आणि लस टोचल्यावर पोरांच्या गालाला लावायची तसा तिनं माझ्या गालाला हात लावला.

तिला वरून प्रत्येक घर कळत होतं. कोण दमलंय, कोण सर्दीनं बेजार आहे, कोणाचं लक्ष पुलावाकडे गेलंय. खोला म्हणाली, यात काय एवढं, घरात कोण कसं दार लोटतं ते आपल्याला नाही का कळत?

दोनियोर कॅमेरा घेऊन चौकाच्या कडेला खाली बसला होता. त्याच्या पांढऱ्या बुटांवर पुलावातल्या तेलाचे डाग पडले होते आणि त्याला पत्ता नव्हता. जेवताना तो म्हणाला, "खोला, मला माफ करा. बाहुलीचं विसरून जा. पण ऐका, हे जर दर शनिवारी केलं ना—"

"दर शनिवारी तुझी आई तुला जन्म देते का?" खोला म्हणाली.

आठवडाभरानं नकाशाचा मजकूर लिहायचा होता. बाकीच्या आळ्यांचं झालं होतं: सुऱ्या, पाळणे, नान. या आळीसाठी मी तीन दिवस कागदापुढे बसले. शेवटी लिहिलं: "इथे रोज बघण्यासारखं काही नाही. नवरोजनंतरच्या रविवारी या. हातात काही घेऊन येऊ नका, हात लागतील."

हमदम-अका वाचून वैतागले. "मुअत्तर, ही जाहिरात आहे का? 'काही नाही' असं कोण छापतं?"

"छापा," दोनियोर म्हणाला. "अका, माझ्या कामात मी इतकं खरं काही आजवर छापलेलं नाही. छापा."

नकाशा छापला, स्टेशनवर पाट्या लागल्या, दोनियोरची फिल्म फोनाफोनांवरून फिरली. उन्हाळ्यात सुऱ्यावाल्यांकडे फ्रेंच लोक आले, पाळणेवाल्यांकडून एका जपानी जोडप्यानं पाळणा नेला, बाळ नसताना. दोरबाजांच्या आळीत मात्र जे पोचलं ते वेगळंच. कझानहून इनोयत-खोलाला फोन आला. फोनवर कासिमची बायको, हाजर तिचं नाव.

"खोला, ती मान खाली घालून रडणारी बाई कोण? आमचा तणावा तिच्या हातात कसा?"

"मग काय वाऱ्याच्या हातात देऊ? तू येतेस का?"

मग हाजर म्हणाली, "कशी धरते ती? बरी धरते का?"

असेच फोन मॉस्कोहून आले, कोरियातून आले. जे फिल्म बघत होते ते वर बघत नव्हते. आपापल्या घरची जागा शोधत होते.

पुढच्या वसंतात स्टेशनवर गाडी थांबली ती नेहमीपेक्षा जास्त वेळ, कारण उतरणारे खूप होते. परदेशी पाहुणे होते, ताश्कंदची मंडळी होती, आणि त्यांच्यात मोठमोठ्या पिशव्या घेऊन आमचीच माणसं होती. कासिमच्या दाराचं कुलूप निघालं, अंगणातला तंदूर पेटला. रविवारी सकाळी हाजर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंच, उन्हानं रापलेली, कमरेवर हात.

"दे इकडे."

मी शेजाऱ्याकडून आणलेलं वेटोळं तिच्या हातात दिलं. तिनं दोर चाचपला, ती गुळगुळीत जागा सापडल्यावर तिचा चेहरा एकदम बदलला. "सासूबाई," ती पुटपुटली. मग मला म्हणाली, "आमच्या गच्चीवर जा. तिथून चांगलं दिसतं. जिना डुगडुगतो, सांभाळून."

मी वर गेले. दोनियोर आधीच येऊन बसला होता, कॅमेऱ्याशिवाय. खाली चौक माणसांनी फुलला होता. लुत्फिनिसा कैचीवर उभी होती, केस बांधत. तिच्या पायांपुढे दोराची एक रेघ, आणि त्या रेघेपासून दोन्हीकडे पसरलेले तणावे, प्रत्येकाच्या टोकाला एक घर, मान खाली घातलेलं. ओकसोयमधली माझी सगळी वर्षं मी ज्या शहराला रिकामं म्हणत आले, ते त्या क्षणी माझ्यासमोर ताणून उभं होतं.

डफावर थाप पडली. लुत्फिनिसानं पहिलं पाऊल टाकलं.